गुरुजींच्या बुलेटचा ओरडणारा ब्रेक: एक प्रकरण अभ्यास

पोळ्याच्या आदल्या दिवशी, खांदशेकणीला, गावातले बैल नाल्यावर धुवून परत आणत होते. वळणावर गुरुजींची बुलेट आली. बैल दिसताच त्यांनी पुढचा ब्रेक दाबला आणि तो असा किंचाळला की एक जोडी बुजून धुऱ्यावरून थेट पऱ्हाटीत शिरली. कासरा धरलेलं पोरगं दहा पावलं फरपटत गेलं. गुडघे सोलले, बाकी काही झालं नाही. गुरुजींनी गाडी तिथंच कडुलिंबाखाली लावली आणि पायी घरी गेले. तिसऱ्या दिवशी छोट्या हत्ती टेम्पोत टाकून ती माझ्या गॅरेजात आली.

"बाबू, या गाडीनं मले लाज आणली," ते म्हणाले. "ढोरं बुजतात न आता. आवाज गेला तर चालवीन, नाही तर इकून टाकीन."

माझं गॅरेज दारव्हा-यवतमाळ रस्त्यावरच्या एका गावात आहे. गुरुजी जिल्हा परिषदेच्या शाळेतून निवृत्त झालेले, वय सत्तरीच्या पुढं. गाडी १९८६ची बुलेट ३५०, त्यांनी नवी घेतलेली. आमच्या भागातल्या अर्ध्या वरातींत ती नाचून आली आहे. तिला विकायची वेळ एका आवाजामुळं यावी हे मला सहन होण्यासारखं नव्हतं. म्हणून हे प्रकरण मी वहीत रोजच्या रोज लिहून ठेवलं. तेच इथं मांडतो. जुन्या गाड्यांच्या ब्रेकच्या आवाजावर आमच्याकडं जे उपाय चालतात त्यातले बरेच नुसते वेळ काढणारे आहेत आणि एकदोन सरळ धोक्याचे आहेत, हेही त्यात येईल.

गाडीचा मागचा इतिहास

या बुलेटला मुळात दोन्हीकडं ड्रम ब्रेक होते, म्हणजे चाकाच्या मधल्या डब्यात आतून दाबणारे. विदर्भातल्या गावागावांत ज्या जुन्या गाड्या अजून चालतात, म्हणजे राजदूत, येझदी, आरएक्स १००, जुनी बुलेट, त्या जवळपास सगळ्या ड्रमच्याच. डिस्कचा प्रश्न येतो तो १९९९ साली आलेल्या सीबीझेडसारख्या गाड्यांवर, किंवा मागाहून डिस्क बसवून घेतलेल्या बुलेटवर. गुरुजींच्या मोठ्या मुलानं दहा-बारा वर्षांपूर्वी नंतरच्या बुलेटचं पुढचं सगळं सामान बसवून घेतलं होतं: शॉकअप, चाक, २८० मिलिमीटरची डिस्क, दोन पिस्टनचा सरकता कॅलिपर (डिस्कला दोन्हीकडून पॅडनं चिमटणारा भाग), हँडलवर मास्टर सिलिंडर (लिव्हरचा दाब ब्रेक ऑइलमधून पुढं पाठवणारा). काम नीट झालं होतं. वडिलांचं वय होत चाललं, गाडी लवकर थांबावी, एवढाच त्याचा हेतू होता. दहा वर्षं त्या ब्रेकनं एक चकार शब्द काढला नाही.

आवाज सुरू झाला मागच्या दसऱ्यानंतर. हे मी गुरुजींना खोदून खोदून विचारलं, कारण आवाज कधी सुरू झाला यापेक्षा त्याच्या आधी गाडीला काय केलं हे जास्त कामाचं असतं. दसऱ्याला गाडी तालुक्याला धुवायला दिली होती. आमच्याकडं धुतल्यावर गाडीला डिझेलचा फवारा मारायची पद्धत आहे. गाडी चकाकते, गंज लागत नाही, गिऱ्हाईक खूश. त्या दिवशी तो फवारा पुढच्या चाकावरही बसला. दुसऱ्या दिवशी ब्रेक कमी लागायला लागला आणि आठवड्यात ओरडायला लागला.

मग गावातल्या मेकॅनिकनं पॅड काढून पेट्रोलमध्ये बुडवले, पेटवून दिले आणि पॉलिश पेपरवर घासून परत बसवले. आठ दिवस आवाज गेला, परत आला. दुसऱ्यांदा त्यानं हॅक्सॉनं पॅडमध्ये तिरपी खाच पाडली. चार दिवस गेला, परत आला. शेवटी गुरुजींच्या पुण्याच्या मुलानं महागाचे नवे पॅड कुरियरनं धाडले. ते बसवल्यावर आवाज आधीपेक्षा बारीक आणि दुप्पट तीक्ष्ण झाला. बैल बुजले ते या पॅडनंतर.

पेट्रोलनं जाळण्याबद्दल इथंच सांगून टाकतो. पॅडचा माल सच्छिद्र असतो. डिझेल त्यात आत मुरतं. जाळल्यावर वरचं जळतं, आतलं राहतं आणि पुढच्या गरम ब्रेकला वर येतं. शिवाय पॅडचा माल लोखंडी पाठीला चिकटवलेला असतो आणि आतला चिकट रेझिनही उष्णतेनं मरतो. असा पॅड उतारावर पाठीपासून सुटला तर मग आवाजाची चिंता करायला माणूस उरायचा नाही. तेल प्यायलेला पॅड फेकायचा. यात दुसरा मार्ग नाही.

खडू

पहिल्या दिवशी मी गाडीला हात लावायच्या आधी गुरुजींनीच मला आवाजाचं कारण समजावलं. आजही कोणी गिऱ्हाईक ब्रेकचा आवाज घेऊन आलं की मी त्यांचंच उदाहरण देतो.

ते म्हणाले, "फळ्यावर नवा खडू लांब टोकाशी धरला, सैल धरला, तर किर्र करते. जवळ धरला, घट्ट धरला, की चूप बसते. अर्धा मोडला तरी चूप. खडू तोच, फळा तोच. मंग किरकिरते कोन?"

किरकिरते ती पकड. खडू फळ्याला क्षणभर चिकटतो, मग सुटतो, परत चिकटतो. हे सेकंदाला शेकडो वेळा होतं आणि लांब धरलेला खडू त्या तालावर थरथरायला लागतो. ब्रेकचंही तेच. पॅड डिस्कवर चिकटतो-सुटतो, पॅड, कॅलिपर आणि डिस्क एकमेकांना थरथर देतात, आणि ती थरथर सेकंदाला हजाराच्या पुढं गेली की आपल्याला किंचाळी ऐकू येते. डिस्क म्हणजे पातळ पोलादी थाळी, ती घंटेसारखी वाजते. घर्षण जितकं जास्त आणि पॅडची पकड जितकी सैल, तितकी ही थरथर उठायला सोपी. दाबायला शिम (पॅडच्या पाठीमागची पातळ पत्री) नाही, धरायला स्प्रिंग नाही, कॅलिपर एका पिनीवर अडकलेला, असं असलं की तोच पॅड ओरडतो जो नीट धरला तर गप्प बसला असता.

आमच्याकडं आवाज आला की सगळे पॅडच्या तोंडाकडं बघतात. घासा, खाच पाडा, बदला. पाठीकडं कोणी बघत नाही.

काय सापडलं

आधी आवाजाची ओळख पटवली. गॅरेजपासून शकुंतला रेल्वेच्या जुन्या लाइनपर्यंत दोनेक किलोमीटरचा सपाट रस्ता आहे, सकाळी रिकामा असतो. त्या रस्त्यावर ताशी तीसच्या वेगातून फक्त पुढच्या ब्रेकनं वीस वेळा गाडी हळू केली आणि प्रत्येक वेळी आवाज आला की नाही ते लिहिलं. या बुलेटचा मागचा ब्रेक डाव्या पायाला आहे आणि गिअर उजव्या, तेव्हा सवय नसलेल्यानं चाचणी करताना पाय दोन्हीकडून उचलून ठेवलेले बरे. वीसपैकी अठरा वेळा आवाज आला. हलक्या दाबाला जास्त, जोरात दाबलं तर कमी. वेग दहा-पंधराच्या खाली आला की सगळ्यात वाईट. गाडी हातानं मागं ढकलून ब्रेक धरला तर मात्र अजिबात नाही. म्हणजे थरथर पॅडच्या पुढच्या कडेशी उठत होती, जिथून फिरणारी डिस्क पॅडखाली शिरते.

मग चाक उचललं. बेअरिंगला खेळ नाही. हँडलच्या कोनसेटला खेळ नाही. शॉकअपच्या ऑइल सीलखाली वर्तमानपत्राचा तुकडा गुंडाळून रात्रभर ठेवला, सकाळी कोरडा. डिस्कचा वाकडेपणा बघायला शेजारच्या लेथवाल्याकडून डायल गेज आणला: ०.१२ मिलिमीटर. जाडी मायक्रोमीटरनं चार ठिकाणी मापली, डिस्कवर कोरलेल्या किमान जाडीच्या वर होती. म्हणजे डिस्क निर्दोष, फक्त तिच्यावर एक निळसर-तपकिरी चकाकता थर बसलेला आणि बाहेरच्या कडेला नखाला लागेल एवढी बारीक धार.

पॅड काढले आणि सगळं कळलं. मुलानं धाडलेले पॅड जेमतेम पाचशे किलोमीटर चाललेले, पण आतला, म्हणजे पिस्टनकडचा, बाहेरच्यापेक्षा सव्वा मिलिमीटरनं जास्त झिजलेला. तोही तिरपा, पाचरीसारखा. सरकत्या कॅलिपरमध्ये पिस्टन फक्त एका बाजूला असतात. पिस्टन आतला पॅड दाबतात, मग सगळा कॅलिपर पिनींवर उलटा सरकून बाहेरचा पॅड ओढून आणतो. पिनी अडकल्या तर सगळं काम आतल्या पॅडवर पडतं. हातानं ओढून पाहिला तर कॅलिपर हललाच नाही. खालची पिन अडकलेली. तिचं रबर बूट, म्हणजे पिनीवरचं रबरी आवरण, फुगून भज्यासारखं झालेलं, आत पिवळं चासीचं ग्रीस. कॅलिपरचं रबर खनिज तेलाच्या ग्रीसला फुगतं, त्याला सिलिकोनचं ग्रीस लागतं. कोणीतरी चांगल्या मनानं, पिन गंजू नये म्हणून, जे हाताशी होतं ते भरलं होतं.

दुसरी गोष्ट: पॅडच्या पाठीमागची पातळ पोलादी शिम गायब. आणि पॅडला वरून दाबून धरणारी स्प्रिंगही गायब. गुरुजींना विचारलं तर म्हणाले, "थांब," आणि दुसऱ्या दिवशी एक जुना डबा घेऊन आले. त्यांनी आयुष्यात गाडीचा एकही तुकडा फेकलेला नाही. डब्यात त्या दोन शिमा होत्या, स्प्रिंगही होती, कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीनं तारीख. नव्या पॅडची पाठ जाड होती म्हणून शिम बसली नाही आणि मेकॅनिकनं ती त्यांच्या हातात दिली होती. स्प्रिंग त्याला फालतू वाटली असावी.

तिसरी: पिस्टनवर मळाचं कडं. ब्रेक ऑइल काढ्यासारखं काळपट. ब्रेक ऑइल हवेतला ओलावा पितं. डॉट ४ प्रतीचं ब्रेक ऑइल नवं असताना २३० अंशांपर्यंत उकळत नाही, पण ओलावा प्यायलं की ती मर्यादा १५५ वर येऊ शकते. आमच्याकडच्या पावसाळ्यात दर दोन वर्षांनी ते बदललंच पाहिजे. आवाजाशी त्याचा थेट संबंध नाही. पण ओलाव्यानं आत गंज धरतो, पिस्टन नीट मागं जात नाहीत, पॅड डिस्कला घासत राहतो, तापतो आणि त्याचं तोंड काचेसारखं होतं. तिथून आवाज सुरू होतो.

एका वेळी एकच

इथं मला एक चूक टाळायची होती. यापूर्वी एका गाडीवर मी पॅड, पिनी, डिस्कची सफाई सगळं एकाच दिवशी केलं होतं. आवाज गेला, पण कशानं गेला ते मला कधीच कळलं नाही, आणि पुढच्या गाडीला त्याचा काहीच उपयोग झाला नाही. म्हणून गुरुजींना म्हटलं, मला पाच दिवस द्या, रोज एकच गोष्ट करीन.

"पॅड बदल न, काऊन थांबतं?"

"गुरुजी, पॅड दोनदा हाताळून झाले, एकदा नवे बसवून झाले. तीनदा आवाज परत आला. पॅड सगळ्यात शेवटी."

ते हसले. गणिताचे शिक्षक होते, त्यांना पटलं.

पहिल्या दिवशी दोन्ही पिनी काढून बारीक पेपरनं साफ केल्या, नवी रबर बूट घातली, सिलिकोन ग्रीस लावलं. कॅलिपर दोन बोटांनी सरकायला लागला. पिस्टन थोडे बाहेर काढून ब्रेक ऑइल लावलेल्या कापडानं पुसले आणि परत आत ढकलले. यासाठी पेट्रोल किंवा डिझेल कधीच वापरू नये, सील फुगतात. जुनं ब्रेक ऑइल काढून सीलबंद बाटलीतलं डॉट ४ भरलं, हवा काढली. पॅड तेच. चाचणी: वीसपैकी अकरा. आवाजही जरा जाडा झाला.

दुसऱ्या दिवशी शिम आणि स्प्रिंग. शिम बसायला जाड पाठीमुळं जागा कमी होती, पण पॅड थोडे झिजल्यानं आता ती सरकली. शिमच्या दोन्ही बाजूंना उष्णता सहन करणारी पेस्ट, अगदी भाकरीला तूप लावतो तेवढी पातळ. ही पेस्ट फक्त पाठीला. तोंडाला तिचा कणही लागला तर सगळं मुसळ केरात. चाचणी: वीसपैकी पाच. मला स्वतःला या दिवशीचा फरक सगळ्यात मोठा वाटला, कारण हा एक पैशाचाही खर्च नव्हता. तुकडे डब्यात पडून होते.

तिसऱ्या दिवशी डिस्क. आधी भांड्याचा साबण आणि गरम पाणी, कारण डिझेलचा अंश नुसत्या थिनरनं पसरतो. मग वाळवून थिनर आणि स्वच्छ सुती कापड, कापड काळं यायचं थांबेपर्यंत. मग १२० नंबरचा पेपर, गोल-गोल हातानं, एका दिशेनं नाही, वरचा चकाकता थर जाईपर्यंत. कडेची धार लेथवाल्यानं कानसानं मोडली. नुसत्या पेट्रोलनं डिस्क पुसणारे बरेच आहेत. पंपाच्या पेट्रोलमागं तेलकट अंश राहतो, तो पॅड पितो. चाचणी: वीसपैकी तीन, तेही पहिले तीन, थंड असताना. नंतर गप्प.

चौथ्या दिवशी पॅडच्या तोंडावर मार्करनं आडव्या रेघा ओढल्या, चार ब्रेक मारले आणि पॅड काढून पाहिले. पाचरीसारख्या झिजेमुळं आतल्या पॅडची फक्त पुढची कड डिस्कला लागत होती, मागच्या अर्ध्या भागातल्या रेघा तशाच्या तशा. सपाट काचेवर पेपर चिकटवून, ओला करून, आठाच्या आकड्यात घासून तोंड सपाट केलं. पुढची आणि मागची कड कानसानं पंचेचाळीस अंशात दोन मिलिमीटर मोडली. चाचणी: वीसपैकी दोन.

एवढ्यावर थांबता आलं असतं. पण सकाळी सकाळी गावात शिरताना पहिलेच दोन ब्रेक लागतात आणि बैल गोठ्यातून त्याच वेळी निघतात. गुरुजींना शून्य हवं होतं, आणि मलाही.

पॅड कोणता

मुलानं धाडलेले पॅड वाईट नव्हते. ते या गाडीसाठी नव्हते.

पॅडचे ढोबळ तीन प्रकार. ऑरगॅनिक, म्हणजे तंतू, भरण आणि थोडा घर्षणाचा मसाला रेझिननं बांधलेला. मऊ, थरथर पिणारा, थंड असतानाही धरणारा, डिस्कवर दयाळू. झिजतो लवकर, आणि फार तापला तर सुटतो. सिंटर्ड, म्हणजे तांब्यासारख्या धातूंची भुकटी दाबून भट्टीत एकजीव केलेली. उष्णता सहन करतो, पावसात चांगला, टिकतो खूप. पण कडक असतो, थरथर पीत नाही, उलट पुढं देतो, आणि त्यासाठी न बनलेल्या डिस्कला खातो. जुन्या इंग्रजी आणि इटालियन गाड्यांच्या बिडाच्या डिस्कवर तो लावूच नये. सेमी-मेटल यांच्या मधला.

पॅडच्या पाठीवर किंवा कडेला दोन अक्षरांचा शिक्का असतो. पहिलं अक्षर साधारण तापमानातलं घर्षण, दुसरं तापल्यावरचं. ई म्हणजे घर्षणांक ०.२५ ते ०.३५, एफ म्हणजे ०.३५ ते ०.४५, जी म्हणजे ०.४५ ते ०.५५, एच म्हणजे त्याच्या वर. मुलाचे पॅड सिंटर्ड होते आणि त्यांवर एच-एच होतं. तो फोनवर म्हणाला, "भाऊ, एच-एच म्हणजे सगळ्यात चांगले ना?" त्याला सांगितलं की ही अक्षरं दर्जा सांगत नाहीत. किती टिकेल, डिस्क किती खाईल, ओरडेल की नाही, यातलं एकही ती सांगत नाहीत. ती फक्त घर्षण सांगतात. शंभर-सव्वाशेच्या वेगातून जड गाडी पुन्हा पुन्हा थांबवायची असेल तर एच-एच घ्यावा. गुरुजी चाळीसच्या वर जात नाहीत, रस्ता सपाट, आठवड्यातून दोनदा दारव्ह्याचा बाजार, मागं जास्तीत जास्त बियाण्याची एक बॅग. त्या पॅडना इथं कामच नव्हतं, आणि जास्तीचं घर्षण थरथरीला खतपाणी घालत होतं.

मी यवतमाळहून साधा ऑरगॅनिक पॅड आणला, शिक्का जी-एफ. दुकानात जुना पॅड घेऊन गेलो होतो. पिनीची भोकं, बाहेरचा आकार आणि पाठीची जाडी काउंटरवरच जुळवली. पाठीची जाडी जुळवणं लोक विसरतात. याच गाडीची शिम त्यापायी बाहेर राहिली होती. पाकीट हलकं, छपाई पुसट आणि पाठीवर शिक्का नाही असा माल मी स्वस्त मिळाला तरी घेत नाही.

नवे पॅड शिम, स्प्रिंग आणि कड मोडून बसवले. डिस्क परत एकदा १२० नंबरनं घासली, कारण सिंटर्ड पॅडचा थर त्यावर राहिला असता तर नवा माल त्याच्याशी जुळला नसता. मग पॅड रुळवले: पन्नासच्या वेगातून पंधरापर्यंत, मध्यम दाबानं, पूर्ण न थांबता, दहा वेळा. प्रत्येक दोन ब्रेकांमध्ये अर्धा किलोमीटर वाऱ्यावर थंड होऊ दिले. शेवटी दहा मिनिटं ब्रेक न धरता चालवून गाडी उभी केली. तापलेल्या डिस्कवर ब्रेक धरून उभं राहिलं की पॅडचा ठसा तिथंच चिकटतो आणि मग लिव्हरला धडधड येते.

चाचणी: वीसपैकी शून्य. दुसऱ्या दिवशी सकाळी थंड गाडीवर, परत शून्य.

घर्षण कमी केल्यावर गाडी थांबते का हे पाहणं माझी जबाबदारी होती. रस्त्यावर चुन्याची रेघ मारली. एच-एच पॅडवर चौथ्या दिवशी ताशी चाळीसमधून दोन्ही ब्रेकांनी थांबून जागा खुणावून ठेवली होती. नव्या पॅडवर तीन वेळा पाहिलं. फरक एका गाडीच्या लांबीपेक्षा कमी. लिव्हर थोडा जास्त ओढावा लागतो, एवढं गुरुजींना सांगितलं आणि त्यांच्याकडूनच पाच-सहा वेळा करून घेतलं. हे त्यांच्या हातालाच माहीत असायला हवं.

मागच्या ड्रमबद्दल

पुढचं चाललं असतानाच मागचा ड्रम उघडला. तोही कधीकधी कुरकुरायचा. आत काळ्या मातीची भुकटी आणि लायनरचा (ड्रममध्ये पॅडचं काम करणाऱ्या मालाचा) चुरा, आणि लायनर फाकवून ड्रमला टेकवणारा ब्रेकचा कॅम सुका. कॅमला ग्रीसचा एक थेंब, लायनरच्या कडा मोडल्या, ड्रम ओल्या कापडानं पुसला, झालं.

ओल्या कापडानं, हे मुद्दाम लिहितो. आमच्या भागात ड्रम उघडला की कॉम्प्रेसरची हवा मारतात किंवा तोंडानं फुंकतात. जुन्या गाड्यांच्या लायनरमध्ये, आणि जुन्या दुकानांच्या कपाटात पडून असलेल्या मालात, अॅस्बेस्टॉस असू शकतं. त्याची धूळ फुप्फुसात एकदा गेली की बाहेर येत नाही आणि आजार वीस-तीस वर्षांनी दिसतो. पॉलिश पेपर मारायचा तरी ओला करून मारावा, तोंडाला चांगला मास्क लावावा, चुरा ओल्या कागदात गुंडाळून टाकावा. माझ्याकडं काम शिकणारी दोन पोरं आहेत. त्यांना मी पहिल्या दिवशी पाने शिकवत नाही, हे शिकवतो.

नंतर

सहा महिन्यांनी गाडी परत मागवली. आतला आणि बाहेरचा पॅड मापला: झिजेत फरक ०.१ मिलिमीटर. पिनी बोटानं सरकत होत्या. बूट ताणलेलं, नीट. आवाज सहा महिन्यांत फक्त पावसात भिजल्यावर पहिल्या ब्रेकला, क्षणभर, आला होता. ओल्या डिस्कवर तेवढं होतं आणि दुसऱ्या ब्रेकला जातं. तेवढा आवाज बैलांना ऐकू जातो की नाही हे गुरुजींना माहीत नाही, पण त्यांनी त्याचीही तारीख लिहून ठेवली आहे.

धुवायला गाडी ते आता तालुक्याला नेतात ते हँडलला एक पुठ्ठा बांधून. त्यावर त्यांच्या शाळेतल्या सुंदर अक्षरात लिहिलंय: "पुढच्या चाकाला डिझेल मारू नये." सिंटर्ड पॅडची ती जोडी डब्यात गेली, कागदात गुंडाळून, वर पेन्सिलीनं तारीख घालून.